‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका

गावाकडे एखाद्या आजीला वय विचारले, तर आकडा मिळत नाही, साल मिळते. “रझाकाराच्या धामधुमीत मी पाळण्यात होते,” असे एक सांगते. “बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होते, थोरला तेव्हा कडेवर होता,” असे दुसरी सांगते. एखादे आबा भूकंपाचा हिशेब धरतात, “त्या साली माझी चाळिशी झाली होती.” धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादेत, या तीन खुणांवरून जुन्या माणसांचे वय अदमासाने काढता येते. हैदराबाद संस्थानावरची पोलिस कारवाई सप्टेंबर १९४८ ची. तेव्हा पाळण्यात असलेली मुलगी आज पंचाहत्तरी ओलांडून गेली आहे. बहात्तर साली कडेवर मूल असलेली बाई सत्तरीच्या पुढे आहे. भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. त्या वेळी चाळिशीत असलेल्या गड्याचीही आता सत्तरी उलटली.

कागदावर मात्र यांतल्या पुष्कळांची जन्मतारीख १ जानेवारी अशीच पडलेली असते. कागदाचे वयही कामाचे आहे. पासष्टाव्या वर्षापासून श्रावणबाळ योजनेचा अर्ज करता येतो आणि पंचाहत्तरी झाली की एसटीचा प्रवास फुकट होतो. पण शरीर कागद वाचत नाही. एकाच साली जन्मलेल्या दोघी जावा घ्या. एक अजून खुरपे घेऊन शेतात जाते, दुसरी बाजेवरून उठताना भिंत धरते. असा फरक का पडतो, कशाने पडतो आणि त्यात आपल्या हातात काय आहे, याचा अभ्यास करणारे एक शास्त्र आहे. त्याला वृद्धत्वशास्त्र म्हणतात. त्यातल्या घरोघरी उपयोगी पडतील अशा गोष्टी येथे सांगावयाच्या आहेत.

हे शास्त्र आले कोठून

म्हातारपणाचा विचार आपल्याकडे नवा नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांत जरा, म्हणजे वार्धक्य, व त्यावरील रसायनचिकित्सा हे एक अंग मानलेले आहे. आजच्या शास्त्राचे नाव मात्र पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १९०३ मध्ये प्रचारात आणले. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगाची लस तयार करणारे हाफकिन हे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. पोटातल्या घातक जंतूंमुळे म्हातारपण लवकर येते आणि आंबवलेले दूध त्यांना आवरते, असे मेचनिकॉफ यांचे मत होते. ते स्वतः रोज आंबवलेले दूध घेत. १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र रोगप्रतिकाराच्या शोधाबद्दल. दह्याने म्हातारपण टळत नाही हे पुढे दिसून आले. पण म्हातारपण का येते, हा प्रश्न प्रयोगशाळेत नेता येतो हे त्यांनी दाखवले.

त्यानंतर १९०९ मध्ये अमेरिकेतील डॉक्टर नॅशर यांनी वृद्धांच्या वैद्यकाला वेगळे नाव दिले. लहान मुलांचे वैद्यक जसे वेगळे, तसे वृद्धांचेही वेगळे असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

आपल्या कामाचा धडा मात्र इंग्लंडमधल्या एका बाई डॉक्टरांनी घालून दिला. मार्जरी वॉरेन त्यांचे नाव. १९३५ मध्ये लंडनजवळच्या एका गरिबांच्या दवाखान्याचे काम त्यांच्याकडे आले. तेथे सातशेहून अधिक रोगी होते आणि त्यांत म्हाताऱ्यांचा भरणा होता. कित्येक जण वर्षानुवर्षे अंथरुणावर होते. ‘आता यांचे काय व्हायचे’ म्हणून सगळ्यांनी आशा सोडलेली. वॉरेनबाईंनी एकेकाला नीट तपासले, आजार शोधला, उपचार केले, बसवले, उभे केले, चालवले. त्यांतले पुष्कळ हिंडूफिरू लागले आणि कित्येक घरीही गेले. त्यांना वयाने पाडलेले नव्हते. आजार होता आणि तो कोणी पाहिला नव्हता, एवढेच.

आपल्या घरात रोज काय घडते? गुडघा दुखतो, “वय झाले.” दिसत नाही, “वय झाले.” जेवण तुटले, विसरभोळेपणा आला, रात्री पडले, सगळ्याला एकच उत्तर, “वय झाले.” या दोन शब्दांनी दवाखान्याची वाट बंद होते. वयाचे काय आणि आजाराचे काय हे वेगळे करता येणे, हाच या शास्त्राचा पहिला पाठ आहे.

विहिरीचा साठा

वयाने नक्की काय होते ते आपल्या विहिरीवरून समजेल. भर पावसाळ्यात विहीर तुडुंब असते. दोन मोटारी लावा, पाणी हटत नाही. फाल्गुन-चैत्रात तीच विहीर घरापुरते पाणी देत राहते, पण मोटार चालू केली की घटकाभरात तळ दिसतो. शरीराचेही तसेच. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे, स्नायू या सगळ्यांजवळ तरुणपणी गरजेपेक्षा जास्त ताकद शिल्लक असते. तिशीनंतर ही शिल्लक हळूहळू उतरू लागते. बसून असताना काही जाणवत नाही. तुळजापूरला देवीचे दर्शन घेऊन पायऱ्या चढून वर येताना मात्र जाणवते.

म्हणूनच तरुणाला दोन दिवस लोळवणारा ताप म्हाताऱ्या माणसाला महिनाभर खाली बसवतो. म्हणून त्यांच्या लहान आजाराकडे आधी पाहावयाचे. आणि विहिरीचा गाळ काढला, बांधबंदिस्ती केली की पाणी जसे जास्त टिकते, तशी ही शिल्लकही आहाराने, हालचालीने आणि वेळेवर केलेल्या उपचाराने पुष्कळ टिकवता येते.

ही निकड आताच का, असे कोणी विचारील. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशातले सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरच्या घरात आहे. बत्तीस याचा अर्थ माणसे तिशीतच म्हातारी होत असा नाही. फार मुले पाळण्यातच दगावत, म्हणून सरासरी खाली येई. पण सत्तरी पाहणारी माणसे गावात थोडी असत, हे खरे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे दहा कोटींवर भरली. महाराष्ट्रात शंभरात सुमारे दहा. इतक्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळण्याचा अनुभव आपल्या आधीच्या कोणत्याच पिढीला नव्हता.

घरच्या घरी पाहावयाच्या सहा गोष्टी

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांसाठी एक सोपी रीत सांगितली आहे. म्हाताऱ्या माणसाच्या सहा गोष्टी पाहावयाच्या. यंत्र लागत नाही.

पहिली, चाल. पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीशी धरून, कशाचा आधार न घेता पाच वेळा उठून बसावयास सांगा. चौदा सेकंदांत झाले तर पायांत जोर आहे. जास्त वेळ लागला किंवा जमलेच नाही, तर मांड्यांचे स्नायू उतरले आहेत असे समजा. स्नायू वयाने उतरतात, पण पडून राहिल्याने त्याहून झपाट्याने उतरतात. म्हणून “आता तुम्ही निवांत बसा, काही करू नका,” हा लाड नव्हे, नुकसान आहे. रोजचे चालणे, खुर्चीवरून उठबस, जमेल ते काम चालू राहू द्या.

पडण्याची भीती रात्री जास्त. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे वेगाने ठिसूळ होतात. अंधारात उंबरठ्याला ठेच लागली की खुब्याचे हाड मोडते. न्हाणीत शेवाळ नसावे, धरायला भिंतीत एक दांडा असावा, बाजेपासून मोरीपर्यंत एक दिवा रात्रभर असावा. उन्हाळ्यात माळवदावर झोपण्याची सवय असली, तरी रात्री एकट्याने शिडी उतरण्याची पाळी म्हाताऱ्या माणसावर येऊ देऊ नये. झोपेतून उठताना आधी बाजेवर क्षणभर बसावे, मग उभे राहावे. या वयात एकदम उभे राहिल्याने रक्तदाब उतरून चक्कर येते.

दुसरी, खाणे. तीन महिन्यांत तीन किलोहून जास्त वजन घटले, पोलके सैल झाले किंवा भूक मेली, तर ते वय नव्हे. क्षयरोग, मधुमेह, पोटाचा रोग, दात, नाहीतर मनाचे दुःख, यांपैकी काहीतरी मागे असते. दातसुद्धा वयाने पडत नाहीत, हिरड्या खराब झाल्याने पडतात. मिसरी व तंबाखू यांचा त्यात मोठा वाटा आहे. दात नसले म्हणून नुसत्या चहात भाकरी बुडवून देऊ नका. भाकरी दुधात किंवा घट्ट वरणात कुस्करून द्या. पिठले, शेंगदाण्याचे कूट, दही, चालत असेल तर अंडे द्या. स्नायू टिकावयाचे तर म्हाताऱ्या माणसाला डाळ-दूध तरुणाहून कमी चालत नाही. आपल्याकडे सगळ्यांचे झाल्यावर उरलेले आजीच्या ताटात पडते, ते उलटे झाले पाहिजे.

तिसरी, नजर. जवळचे दिसेनासे होणे हे वयाचेच, म्हणून तर चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो. मोतीबिंदू मात्र शस्त्रक्रियेने बरा होतो. तो ‘पिकू द्यावा’ ही जुनी समजूत आता सोडून द्यावी. आत भिंग बसवण्याच्या आजच्या शस्त्रक्रियेला पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही, म्हणून चाळिशीनंतर डोळे अधूनमधून तपासून घ्यावेत. एकेक डोळा झाकून पाहावयास सांगा. पुष्कळांचा एक डोळा गेलेला असतो आणि दुसऱ्यावर भागते म्हणून कळत नाही.

चौथी, कान. मागे हातभर अंतरावर उभे राहून हळू आवाजात चार शब्द बोला आणि म्हणावयास सांगा. जमले नाही तर आधी कानात मळ आहे का ते दवाखान्यात पाहा. वयाने बारीक, उंच स्वर आधी जातात. त्यामुळे आवाज येतो, पण शब्द उमगत नाहीत. ओरडून उपयोग नाही. समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलण्यातून उठतो आणि घर म्हणते, “आबांचा स्वभावच तुसडा झाला.”

पाचवी, आठवण. तीन साधे शब्द सांगा, जसे फूल, दार, भात. थोड्या वेळाने ते विचारा, आणि आज वार कोणता, आपण कोठे आहोत, हेही विचारा. एखादे नाव पटकन न आठवणे आणि मागाहून आठवणे हे वयाचे. पण रोजच्या वाटेने घर न सापडणे, आयुष्यभर केलेली आमटी कशी करायची ते न सुचणे, पैशाचा साधा हिशेब चुकत जाणे, हा स्मृतिभ्रंशाचा आजार असू शकतो. देशपातळीवरच्या एका पाहणीनुसार साठीपुढच्या शंभरांत सात-आठ जणांना तो असावा. म्हणजे बाकीच्या ब्याण्णवांना तो नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही.

सहावी, मन. दोन आठवडे उदास आहेत, कशात गोडी वाटत नाही, “आता कशाला जगायचे” असे बोलतात, तर ते ऐकून सोडून देऊ नका. ज्या घरात तरुण मुलगा गेला, त्या घरातले आईबाप सुनेला आणि नातवंडांना सांभाळतात. त्यांना मात्र कोणी विचारत नाही. उदासीनता हा आजार आहे आणि तो बरा होतो. १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला फुकट मिळतो.

यांपैकी कशातही उणे दिसले, तर आशाताईंना सांगावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. रक्तदाब आणि साखर तेथे मोफत पाहतात.

एकाएकी बदल झाला तर

एक नियम ध्यानात ठेवावा. वयाचे बदल वर्षावर्षांनी येतात. तासा-दिवसांत आलेला बदल वयाचा नसतो. काल बरी असलेली आजी आज बरळू लागली, माणसे ओळखेना, दिवसा झोपते आणि रात्री उठून फिरते, तर घरात कोणी म्हणते ‘वेड लागले’ आणि कोणी म्हणते ‘बाहेरची बाधा’. खरे कारण लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, अंगातले पाणी किंवा मीठ कमी होणे, साखरेच्या गोळीने साखर फार उतरणे, नाहीतर नवे सुरू झालेले औषध, असे असते. त्याच दिवशी दवाखान्यात नेले तर बहुधा बरे वाटते. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना किंवा जीभ अडखळू लागली, तर तो लकवा आहे. १०८ क्रमांकाची गाडी लगेच बोलवा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते.

पाण्याचेही असेच. उतारवयात तहान कमी लागते. आपल्याकडच्या वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा “तहान नाही” हे उत्तर ऐकू नये. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवून थोड्या थोड्या वेळाने पाजावे. कित्येक आज्या लघवीला उठावे लागते किंवा ती आवरत नाही म्हणून मुद्दाम पाणी पीत नाहीत. लाजेने बोलत नाहीत. सुनेने किंवा लेकीने एकांतात विचारावे. त्यालाही औषध आहे.

आणि गुडघ्याच्या गोळ्या. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्या जातात. वयाने मूत्रपिंडांचे काम मंदावलेले असते. त्यावर या गोळ्यांचा मारा झाला की ती निकामी होऊ शकतात आणि पोटात रक्तस्राव होतो. मांडीच्या व्यायामाने, काठीने आणि जमिनीऐवजी खुर्चीवर बसण्याने गुडघ्याला अधिक आराम पडतो.

उसाला जाण्यापूर्वी

भूम, वाशी, कळंब या भागांतून दिवाळी झाली की जोडपी ऊसतोडीला जातात. गावात मागे राहतात म्हातारी माणसे, शाळेतली नातवंडे, शेळ्या आणि घर. या चार-पाच महिन्यांत ती म्हातारीच त्या घराची कर्ती असते. पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांच्या घरचीही हीच गोष्ट. तेव्हा टोळीबरोबर निघण्यापूर्वी काही कामे उरकून ठेवावीत.

रक्तदाब-साखरेच्या गोळ्या मुक्कामभर पुरतील अशी सोय सरकारी दवाखान्यात विचारून करावी. डोळे, दात दाखवायचे असतील तर त्याआधीच दाखवून आणावेत. आपल्या मोबाईलचा, आशाताईंचा, शेजाऱ्याचा आणि १०८ हा क्रमांक दाराशेजारी भिंतीवर खडूने मोठा लिहावा. पाण्याचे हंडे म्हातारीला डोक्यावर वाहावे लागणार नाहीत, अशी व्यवस्था भावकीतल्या एकाकडे लावून द्यावी. ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळी फोन करावा. ‘पैसे पाठवले’ एवढेच न बोलता काय खाल्ले, झोप कशी लागली, पडलात तर नाही ना, हे विचारावे. नातवंडे सांभाळणे त्या जिवाला उभारी देते, पण चार लहान पोरे आणि दहा शेळ्या एका सत्तरीच्या बाईवर टाकणे हे ओझे आहे. आपल्या आईची शिल्लक किती, हे पाहूनच भार टाकावा.

जमीन नावावर करताना

उतारवयातली आणखी एक दुखरी जागा म्हणजे वाटणी. हातपाय चालत असताना आबा सगळी जमीन मुलांच्या नावावर करून देतात आणि मग जेवणाच्या पाळ्या लागतात. आईबाप व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ मध्ये झाला आहे. साठीपुढच्या आईबापांना त्यानुसार मुलांकडून महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. मूलबाळ नसेल, तर ज्याला वारसाने मालमत्ता जावयाची त्या नातेवाइकाकडून मागता येतो. अर्ज प्रांतसाहेबांच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करावयाचा.

याच कायद्याच्या तेविसाव्या कलमात महत्त्वाची तरतूद आहे. ‘माझा सांभाळ करावा’ या अटीवर जमीन किंवा घर दिले आणि सांभाळ झाला नाही, तर ते देणे रद्द ठरवून घेता येते. म्हणून बक्षीसपत्र करताना ही अट कागदावर स्पष्ट लिहून घ्यावी. विश्वास नाही म्हणून लिहावयाचे असे नव्हे. शेतीचा बांध घालताना भावाभावांत वैर असते असे थोडेच आहे. पुढे वाद नको म्हणूनच तो घालतात. शक्यतो एखादा तुकडा आणि राहते घर अखेरपर्यंत म्हाताऱ्यांच्याच नावावर राहू द्यावे. सल्ला हवा असल्यास ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत दूरध्वनी आहे.

पुढच्या पाळीची तयारी

चाळिशीतल्या वाचकांनी हे सारे आईबापांसाठीच आहे असे समजू नये. सत्तरीत पायांत जोर राहील की नाही, हे बरेचसे चाळिशी-पन्नाशीत ठरते. आज मिसरी आणि बिडी सोडणे, रक्तदाब पाहून घेणे, मधुमेह आवरणे, जेवणात डाळ ठेवणे, हीच म्हातारपणाची पेरणी. उशिरा पेरले तरी काही उगवते, वाफशावर पेरले तर जास्त उगवते, हे शेतकऱ्याला निराळे सांगावयास नको.

येत्या बाजाराच्या दिवशी सवड काढून घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ अर्धा तास बसा आणि या सहा गोष्टी पाहा. जे उणे दिसेल ते कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन त्यांना दवाखान्यात न्या. डॉक्टरांनी सारे तपासून, हे खरोखर वयाचेच आहे असे सांगितले, तर ते मान्य करावे आणि आधाराला हात द्यावा. पण तपासण्याआधी घरातल्या कोणी “वय झाले” असे म्हणू नये.